कमरेचा व्हॉइस अँप्लिफायर: पार्किन्सन असलेल्यांनी घ्यावा का? (वापरून लिहितेय)

स्टार द्यायचे तर ५ पैकी साडेतीन. पण हे साडेतीन कशाचे ते नीट सांगते, कारण या मशीनखाली (कमरेला बांधायचा छोटा माईक-स्पीकर, बोलणाऱ्याचा आवाज मोठा करणारा) जेवढे रिव्ह्यू आहेत ते जवळपास सगळे शाळेतल्या बाईंचे, क्लासवाल्या सरांचे नाहीतर टूर गाईडचे आहेत, "शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो, मस्त आहे घ्या" वगैरे. त्यांचा आवाज मुळात खणखणीत असतो हो, त्यांना फक्त घसा वाचवायचा असतो. पार्किन्सनच्या माणसासाठी घेतला आणि काय झालं असं कुणीच लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा एवढा मोठा प्रपंच.

आमच्या अण्णांना पार्किन्सन आहे. अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आयुष्य गेलं. खचाखच भरलेल्या गाडीत मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत आवाज पोचायचा त्यांचा, माईक लागायचा नाही. आणि आता शेजारी सोफ्यावर बसलेल्या आईला ऐकू जात नाही. शब्द सुरू होतो बरा, वाक्य संपेपर्यंत आवाज पार खाली जातो आणि शेवटचे दोन शब्द ओठातच राहतात. त्यात एकसुरी झालंय सगळं, राग आलाय का गंमत करताहेत काही कळत नाही, चेहराही हलत नाही फारसा. नवीन माणसाला वाटतं हे आपल्यावर चिडलेत.

हात थरथरणं सगळ्यांना माहीत असतं, आवाजाचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दहातल्या जवळजवळ नऊ पेशंटना कधी ना कधी बोलण्याचा किंवा आवाजाचा त्रास होतो, आणि हे काही नवीन सापडलेलं नाही, १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर पहिल्यांदा जो निबंध लिहिला त्यातसुद्धा पेशंटचं बोलणं समजेनासं होतं याचा उल्लेख आहे. तरी आजही ओपीडीत गोळ्यांचे डोस ठरतात, चालून दाखवा म्हणतात, बोटं उघडमीट करा म्हणतात, आणि बोलण्याचा विषय निघायच्या आत पुढचा पेशंट आत आलेला असतो.

यातली खरी गोम वेगळीच आहे आणि ती कळल्याशिवाय मशीनचा रिव्ह्यू कळणार नाही. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी झालं की हालचाली लहान होतात. पाऊल आखूड पडतं, सही बारीक होते, तसाच श्वासही उथळ होतो आणि स्वरयंत्राची, जिभेची, ओठांची हालचाल पण तोकडी होते. इथपर्यंत ठीक. पण त्याचबरोबर आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा पेशंटचा स्वतःचा अंदाजही बिघडतो. अण्णांना मनापासून वाटतं की ते नेहमीच्याच आवाजात बोलताहेत. "तुझ्या आईचे कान गेलेत, तिला दाखवून आण" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की शेवटी आईची ऑडिओमेट्री करून आणली, रिपोर्ट वयाच्या मानानं एकदम उत्तम. तो रिपोर्ट आई अजून देवघराच्या कपाटात ठेवते आणि भांडण झालं की काढते.

तर मशीन. तळहाताएवढा चौकोनी डबा, कमरेला बांधायला पट्टा, मागे क्लिप, आणि डोक्याच्या मागून येणारा वायरचा हेडसेट माईक. पंधराशेच्या आसपास पडला. बाजारात यापेक्षा स्वस्तही मिळतात आणि दुप्पट किमतीचेही. खोक्यावर लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका, त्याला काही अर्थ नसतो, पाच-सहा माणसांच्या खोलीसाठी सगळ्यात साधा पण पुरतो. पहिला जो पीस आला त्याची बॅटरी चार्जच धरत नव्हती, विक्रेत्यानं आधी टाळाटाळ केली मग बदलून दिला, म्हणून आल्या आल्या फोडून पूर्ण चार्ज करून बघा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.

आता डिझाइनबद्दल. हे मशीन बनवणाऱ्यानं थरथरणारा हात आयुष्यात पाहिलेला नाही. व्हॉल्यूमचं चाक ठीक आहे, पण त्याच्या शेजारी मोड बदलायचं बटण इतकं जवळ की अण्णांचा अंगठा गेला की माईक बंद आणि एफएम रेडिओ चालू. हो, यात एफएम आहे. पेन ड्राइव्हवरची गाणी पण वाजतात. चालू केलं की आतली एक बाई चिनी हेलाच्या इंग्रजीत मोठ्यांदा काहीतरी जाहीर करते आणि ते बंद करायची सोयच नाही. गणपतीत आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू व्हायच्या नेमक्या मधल्या शांततेत ती बाई बोलली आणि पाठोपाठ क्रिकेटची कॉमेंट्री. अण्णांना स्वतःलाच इतकं हसू आलं, बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा असा हललेला पाहिला. नंतर मी त्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून वरून चिकटपट्टी लावली, प्रश्न मिटला. तुम्हीही पहिल्या दिवशीच लावा.

माईक कुठे ठेवायचा यावर सगळं अवलंबून आहे. आम्ही सुरुवातीला अगदी तोंडासमोर ठेवत होतो, तर प, फ, भ आला की फट् फट्, आणि श्वासाचा आवाज बोलण्यापेक्षा जास्त. ओठांच्या कोपऱ्याच्या जरा बाजूला, दोन बोटं अंतरावर ठेवायचा, खालच्या ओठाच्या लेव्हलला. आणि दुसरं, ज्यावर एकाही रिव्ह्यूत अक्षर नाही: लाळ. पार्किन्सनमध्ये लाळ जास्त तयार होते म्हणून गळते असं नाही, गिळण्याचं काम मंद होतं म्हणून साठते. तर माईकवरचं स्पंजचं टोपडं ओलं होतं, आवाज घुसमटतो आणि दोन दिवसांत वास येतो. जादा स्पंज वेगळे मिळतात, स्वस्त असतात, मूठभर घेऊन ठेवा, साबणाच्या पाण्यात धुवून वाळवून परत वापरता येतात.

शिट्टीचा त्रास. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये गेला की कुईंऽऽऽ. उभा माणूस असेल, डबा कमरेला असेल तर होत नाही, पण पार्किन्सनचा माणूस बहुतेक वेळ बसलेला, त्यात पुढे वाकलेला, म्हणजे तोंड आणि स्पीकर एकमेकांच्या जवळ. गळ्यात अडकवायचे जे मॉडेल येतात ते तर बिलकुल घेऊ नका. आम्ही डबा कमरेला बांधतच नाही, समोर टीपॉयवर ठेवतो, स्पीकरचं तोंड ऐकणाऱ्यांकडे. वायर तेवढी पुरते. वायर पायात येणार नाही हे मात्र बघा, या आजारात पडण्याची भीती कायमचीच.

वायरलेस घेऊ का असं विचाराल तर ब्लूटूथवाले टाळा. आवाज क्षणभर उशिरा येतो. शिक्षकाला चालून जातं, पण ज्याला बोलणं सुरू करायलाच कष्ट पडतात त्याला स्वतःचा शब्द मागून ऐकू आला की तो अडखळतो. निदान अण्णा तरी अडखळले. काही पेशंटचं उलट असतं, ज्यांचं बोलणं सुसाट पळतं त्यांना मुद्दाम असा उशिरा आवाज ऐकवून वेग कमी करायची एक पद्धत आहे, पण ती थेरपिस्टनं बसवून द्यायची गोष्ट, स्वस्त ब्लूटूथच्या दोषातून साधायची नव्हे.

बरं, मग फायदा काय झाला. झाला, खरंच झाला. रिटायर झालेल्या कंडक्टर-ड्रायव्हर लोकांचा एक गप्पांचा अड्डा आहे, अण्णांनी तिथं जाणं बंद केलं होतं. कारण चार जण एकदम बोलायला लागले की यांचं वाक्य मध्येच बुडायचं, कुणीतरी "काय म्हणालास?" विचारायचं, तिसऱ्यांदा विचारलं की अण्णा "काही नाही, जाऊ दे" म्हणायचे. हे "जाऊ दे" फार वाईट. आवाज गेला म्हणजे माणूस गप्प होतो एवढंच नाही, त्याच्या वाटचं दुसरेच बोलायला लागतात. डॉक्टर अण्णांना विचारतात आणि उत्तर मी देते. बँकेतला माणूस अण्णांची सही घेतो आणि बोलतो माझ्याशी. मशीन घेऊन अड्ड्यावर गेले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी चेष्टा केली, "आला रे लाऊडस्पीकर", पण खंबाटकी घाटातला एक जुना किस्सा अण्णांनी पूर्ण सांगितला, मध्ये कुणी तोडलं नाही, आणि हसायच्या ठिकाणी लोक हसले. या एका कामासाठी पंधराशे रुपये मला जास्त वाटत नाहीत. जेवणाच्या टेबलावर, पाहुणे आल्यावर, गाडीत पुढच्या सीटवर बसून मागच्यांशी बोलताना, अशा ठिकाणी याला तोड नाही.

दीड स्टार कुठे कापला ते आता. हे मशीन आवाज मोठा करतं, बोलणं स्पष्ट करत नाही. "त", "ट", "क" ज्याचे धड उमटतच नाहीत त्याचं पुटपुटणं फक्त मोठं पुटपुटणं होतं. ज्याचं बोलणं भरधाव सुटतं, शब्द एकात एक घुसतात, किंवा एकच शब्द तीन-चारदा येतो, त्यांना याचा उपयोग जवळजवळ शून्य. संध्याकाळी गोळीचा असर उतरतो तेव्हा अण्णांचंही तसंच होतं आणि त्या वेळी आम्ही मशीन लावतच नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधी घरात एक साधी टेस्ट करा, पेशंटच्या तोंडाला कान लावून ऐका. एवढ्या जवळून शब्द कळत असतील तर मशीन चालेल. जवळूनही कळत नसतील तर पैसे वाचवा.

फोनवरही काही उपयोग नाही. स्पीकरसमोर मोबाइल धरून बघितलं, पलीकडच्याला नुसता घुमलेला आवाज. त्यापेक्षा हेडफोनचा माईक तोंडाजवळ धरून बोलले तर जास्त कळतं.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, जो मला आमच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितला. कुठल्याही माणसाला स्वतःचाच आवाज स्पीकरवर मोठा ऐकू आला की तो नकळत हळू बोलायला लागतो. याच्या उलट, आजूबाजूला गोंगाट असला की आपण आपोआप ओरडून बोलतो, लग्नात बँडजवळ उभं राहिल्यावर होतं तसं. याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एटिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे मांडलं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात असताना जेसिका ह्यूबर यांनी याच गोष्टीचा वापर करून स्पीचव्हाइव्ह नावाचं यंत्र काढलं, ते कानामागे लावायचं, पेशंट बोलायला लागला की त्याच्या कानात माणसांच्या गलक्याचा आवाज सुरू होतो आणि त्याचा आवाज आपसूक वर जातो. म्हणजे बघा, तिथं पेशंटकडून आवाज काढून घेतात आणि आपलं हे कमरेचं मशीन पेशंटच्या वतीनं ओरडतं. दिवसभर लावून ठेवलं तर पेशंट आणखी कमी जोर लावणार, अशी मॅडमना धास्ती होती. म्हणून एरवी घरात मशीन बंद, चार माणसांत आणि बाहेर चालू, हा आमचा नियम आहे आणि तोच मी तुम्हाला सुचवेन.

खरा फरक पडला तो थेरपीनं, मशीन त्याच्यानंतर. एलएसव्हीटी लाउड नावाची पद्धत आहे, ली सिल्व्हरमन या अमेरिकेतल्या पार्किन्सन झालेल्या बाईंच्या नावावरून, १९८७ मध्ये लोरेन रामिग वगैरेंनी सुरू केलेली. आठवड्यातून ४ दिवस, एक एक तास, असे ४ आठवडे, म्हणजे १६ सेशन, शिवाय रोज घरचा अभ्यास. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की पेशंटला एकच सूचना, मोठ्यानं. बस. आपण घरातले काय करतो, "अण्णा सावकाश बोला, स्पष्ट बोला, तोंड उघडा, श्वास घ्या, परत सांगा", पाच सूचना एका दमात, माणूस भांबावून जातो. मोठ्यानं म्हटलं की तोंड आपोआप उघडतं, श्वास आपोआप खोल जातो, शब्द आपोआप जरा सुटे होतात. छाती भरून श्वास घेऊन लांबलचक "आऽऽऽ", मग खालून वर आणि वरून खाली सूर, मग पेशंटच्या रोजच्या वापरातली दहा वाक्यं. अण्णांना वाक्यं निवडायला सांगितली तर त्यांनी "चहा टाक", "पंखा बंद कर" याच्यात मुद्दाम "चला पुढं सरका, आत मोकळं हाय" हे घातलं. मॅडम म्हणाल्या चालेल. आणि त्या वाक्याला आवाज जो निघाला तो बाकी नऊ वाक्यांना निघाला नाही.

बाहेरचे पुरावे हवे असतील तर २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ३८८ पेशंट. एलएसव्हीटी घेतलेल्यांना ३ महिन्यांनंतर आवाजामुळे होणारी रोजची अडचण कमी वाटत होती. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेतली नेहमीची स्पीच थेरपी, जी बरीच कमी सेशनची असते, ती घेतलेल्यांमध्ये आणि काहीच न घेतलेल्यांमध्ये मात्र फरक दिसला नाही. म्हणजे महिन्यातून एकदा जाऊन "आ" करून येण्याला फारसा अर्थ नाही, कसून सराव लागतो. एलएसव्हीटीवाल्यांना घशावर ताण येण्याच्या तक्रारी जास्त होत्या हेही त्यात आहे, तेव्हा यूट्यूब बघून स्वतःच्या मनानं ओरडायला लावू नका. गोळ्यांचं म्हणाल तर लेव्होडोपानं, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधानं, चालणं जितकं सुधारतं तितका आवाज सुधारत नाही, आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं ऑपरेशन केल्यावर काहींचं बोलणं आणखी बिघडू शकतं, ऑपरेशनचा विचार असेल तर हे आधीच विचारा.

थेरपी आम्ही ऑनलाइन घेतली, आमच्या इथे पार्किन्सनचं करणारं कुणी नव्हतं. ऑनलाइनची एक गंमत आहे. व्हिडिओ कॉलचं ॲप स्वतःहून बारीक आवाज मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं, मॅडमना अण्णा कायम सारखेच ऐकू यायचे. मग त्यांनी ॲपमधला ओरिजिनल साउंडचा पर्याय चालू करायला लावला आणि आमच्या बाजूला दुसऱ्या मोबाइलवर डेसिबल मोजायचं फुकटचं ॲप, कायम तेवढ्याच अंतरावर ठेवून. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. तो आकडा अगदी अचूक नसतो, पण अण्णांना आकडा दिसायला लागला आणि आईच्या कानांचा विषय एकदाचा संपला. "मला वाटतं मी ओरडतोय" म्हणाले, स्क्रीनवर बघितलं, गप्प बसले, आणि परत जोरात म्हणाले. हे काम पंधराशेचं मशीन करत नाही, फुकटचं ॲप करतं.

थेरपिस्ट शोधताना आरसीआयचं रजिस्ट्रेशन, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, आहे का ते विचारा आणि मोठ्या माणसांचं काम केलंय का ते विचारा, बहुतेक जण लहान मुलांचं करतात. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, बोलण्या-ऐकण्याच्या त्रासांसाठीची, केंद्र सरकारची. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पीडीएमडीएस ही पार्किन्सनच्या पेशंटसाठीची संस्था ठिकठिकाणी सपोर्ट ग्रुप चालवते, तिथं चौकशी केली तर आपल्या भागातलं कोणी ना कोणी सापडतं. आणि जेवताना ठसका लागत असेल, पाणी पिताना खोकला येत असेल तर आवाजाचं राहू द्या, आधी ते दाखवा, गिळण्याचं कामही स्पीच थेरपिस्टच बघतात आणि अन्न श्वासनलिकेत जाणं जास्त धोक्याचं.

तर घ्यायचा कुणी? आवाज बारीक पण शब्द कळतात, माणसांत जायची हौस आहे, आणि थेरपी चालू आहे किंवा करून झाली आहे, त्यांनी जरूर. थेरपीच्या ऐवजी म्हणून घेणार असाल तर नको. घेताना वायरचा हेडसेट, गोल फिरणारं मोठं व्हॉल्यूमचं चाक, आणि मोबाइलचाच चार्जर चालेल असं टाइप सीचं भोक, एवढं बघा. हेडसेटची तार कानापाशी लवकर तुटते, आमची तुटली. साधी ३.५ एमएमची पिन असेल तर दुसरा हेडसेट वेगळा दोन-तीनशेत मिळतो, पिन वेगळीच काहीतरी असेल तर अख्खं मशीन भंगारात. कुणाला थरथरत्या हातासाठी एकच मोठं बटण असलेलं मॉडेल कुठं मिळालं असेल तर खाली लिंक टाका, मी लगेच घेईन.